नखांचा रंग

नैरोबीतल्या आमच्या घरात सकाळ नखांनी सुरू होते. इथली मुलं अनाथ आहेत आणि बहुतेकांना हृदयाचा आजार आहे. नाश्त्याआधी ती हात पुढे करून उभी राहतात आणि मी एकेकाचं नख दाबून पाहते. गुलाबी असलं तर अंगणात, निळसर असलं तर डॉक्टरांकडे. सवय इतकी जडली आहे, की पुण्याला गेले तरी भाजीवालीच्या चेहऱ्याआधी मला तिची नखं दिसतात. लोक याला माया म्हणतात. मला तसं काही वाटत नाही, मी फक्त रंग बघते.

काल चार वर्षांच्या अमानीला दत्तक न्यायला एक बाई आल्या. अमानीने त्यांचा हात धरला, नख दाबलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. नखांवर लाल नेलपॉलिश होतं.

"दिसत नाही," ती मला म्हणाली.

मी बाईंना आमची सकाळची रीत सांगितली. त्या अंगठ्यावरचा रंग खरवडत बसल्या. बऱ्याच वेळाने नख उघडं पडलं. अमानीने ते दाबलं, सोडलं आणि पांढऱ्याचं गुलाबी होईपर्यंत थांबली.

मग आत जाऊन स्वतःचे बूट घेऊन आली.