ताईचं बर्फाचं गाव

फोन आला तेव्हा मी भाईंदरच्या केबिन रोडवर भाजी घेत होते. मेघनाताई जपानमधल्या ज्या वृद्धाश्रमात काम करायची, तिथली तिची नेपाळी मैत्रीण सुनीता बोलत होती. "दीदी, छत से बर्फ गिरी... मेघना..." मी भाजीची पिशवी भाजीवाल्याच्याच हातात परत दिली, एवढंच आठवतंय.

नवघरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी बहिणी वाढलो. ताई नर्सिंग शिकली, मग जपानी भाषा शिकली आणि निघाली. आम्हाला वाटलेलं, झगमगतं शहर असेल. ते निघालं डोंगरांच्या बेचक्यातलं खेडं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं फोन खिडकीबाहेर धरला. उतारावर भाताची खाचरं, मागे उंच, काळपट झाडं, खाली नदी. "अगं, आपल्या रत्नागिरीच्या गावासारखंच आहे. तीच कुलपं लावलेली घरं, पोरं सगळी शहरात." शाळा कधीच बंद पडलेली. संध्याकाळी भोंग्यावर एक संथ धून वाजायची, शेतातल्या माणसांना घरी बोलावणारी. माणसं अबोल, पण सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी शेतातले मुळे ठेवून गेलेलं असायचं. हिवाळ्यात समुद्रावरचं वारं डोंगराला अडायचं आणि बर्फ खिडक्यांपर्यंत चढायचा.

शेजारी एक आजी एकटीच राहायची. ताई तिला ओबाचान म्हणायची, म्हणजे आजीच. "मी आले तर बर्फात हिला कोण विचारणार?" म्हणत तिनं यंदाची सुट्टी पुढे ढकलली. आई रुसली होती... थंडी सरत आली, छपरांवरचा बर्फ सैल झाला. आजीसाठी जेवण घेऊन ताई तिच्या दाराशी पोचली आणि तो तिच्यावर कोसळला.

अस्थी आल्या, उत्तनच्या समुद्रात सोडल्या. मग एका दुपारी सुनीतानं आजीला कॉलवर आणलं. आजी जमिनीला कपाळ टेकून वाकली, ती उठेचना. सुनीता सांगत होती, "कह रही हैं, मेरे लिए आई थी, मुझे माफ कर दो." आईनं फोन माझ्या हातातून घेतला. तिनं त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग मराठीतच म्हणाली, "उठा हो. जेवलात का तुम्ही?"

भाईंदरला आता घामाच्या धारा लागल्यात. तरी सकाळी उठल्या उठल्या आई मोबाईलवर त्या गावाचं हवामान बघते. "आज तिकडं ऊन आहे," म्हणते, आणि दूध तापवायला जाते.