डाव्या पंखाची खळ

विमान वळलं आणि सरळ आमच्या ह्यांच्या तोंडावर आलं. हातातल्या रेडिओच्या डब्याची कांडी ते उजवीकडे दाबत होते, विमान डावीकडेच फिरत होतं. नाक भुवईवर आदळलं. रक्त डोळ्यात उतरलं, ते मटकन खाली बसले. चूक माझी होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. हे सायझिंगमध्ये होते, म्हणजे सुताला खळ देण्याच्या खात्यात. आता जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर येरझाऱ्या घालायचे. मलाही एका जागी बसवेना. भंवरकुआंकडच्या एका कॉलेजातले सर वर्कशॉपसाठी माणूस शोधत होते. त्यांनी ह्यांना एक खोका दिला. आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, नकाशा, रेडिओचं सामान. इंजिन नाही, वाऱ्यावर तरंगणारं विमान. म्हणाले, "बांधा. नीट उडालं तर जागा तुमची."

ह्यांनी पट्टी न् पट्टी मोजून जोडली. पंखांवर ताणायचा कागद मात्र झाडताना माझ्याकडून फाटला. मग मिलची जुनी मलमल काढली, दोघांनी पंखांवर चिकटवली आणि पातळ खळ दिली. सुकली की कापड ताणतं, हे आम्हांला कोणी शिकवायला नको होतं.

उडवायच्या दिवशी सकाळी डावा पंख मला सैल वाटला. हे आंघोळीला गेले होते. मी घट्ट खळ करून फिरवली, तीही फक्त वरून, आणि पंख उन्हात ठेवला. कोणाला बोलले नाही.

राजेंद्र नगरच्या पुढच्या मैदानात सरांनी विमान हाताने फेकलं. पुढचं सांगितलंच.

सरांनी आधी डोळा पाहिला. शाबूत होता. मग पंख टोकाकडून पाहिला.

"हा पिळलाय. कोणी केलं?"

"मी," हे म्हणाले.

"काय तुम्ही? सर, सकाळी वरून कलफ मी फिरवला. ह्यांना पताही नाही."

"तू चुप बैस."

"मिळणारी नोकरी जाईल तुमची, अन् मी चुप बसू?"

सर म्हणाले, "वहिनी, धिरडं आहे का हे, नुसतं वरून तेल सोडायला? एकाच बाजूनं ताणलं की पंख पिळणारच."

त्यांनी ब्लेडने सगळी मलमल कापून काढली आणि उघडा सांगाडा मोटारीच्या काचेवर टेकवून पाहिला. काच आणि लाकडात कुठे फट नव्हती. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"लाकूड सरळ आहे. सोमवारी या. कापडाला वहिनींचा हात लागू देऊ नका."

हे सोमवारी गेले, आणि म्हातारे होईपर्यंत जात राहिले. भुवईवरची खूण शेवटपर्यंत होती.

हे गेले, मग सर गेले. त्या दिवशी मैदानात आम्ही तिघं होतो. त्यातली आता मी एकटीच आहे.