दात, मिरच्या आणि गार वाटी

एप्रिलमध्ये कोल्हापुरात घरोघरी मिरच्या वाळत असतात आणि त्यांच्याबरोबर माणसंही. त्या वर्षी आमच्या घरात एकच गोष्ट ओली होती. नातीची लाळ.

सात महिन्यांची होती ती. खालची हिरडी फुगून लाल झालेली, हनुवटीखाली लाळेनं पुरळ उठलेलं. हाताला लागेल ते तोंडात घालून करकचून दाबायची. माझ्या चष्म्याची दांडी, उशीचा कोपरा, आजोबांचा अंगठा, काहीही. दूध प्यायला घेतलं की चार घोट प्यायची आणि हिरडी ठणकली की तोंड सोडून रडायची.

माझी मुलगी उचगावला दिलेली. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ती मालाच्या तपासणीवर आहे. ओतून आलेला लोखंडी माल हातोडीनं वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर पुढं पाठवायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे असं समजून बाजूला काढायचा. घरीसुद्धा नवीन पातेलं आणलं की ती आधी टिचकी मारते. बाळंतपणाची रजा संपली होती, वरची बिनपगारी रजाही संपत आली होती. मालकांनी फोनवर सभ्यपणे सांगितलं, सोमवारी या, नाहीतर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल.

तिच्या सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून दिवसभर नात माझ्याकडे राहील असं ठरलं. ठरवलं मीच. मुलीची नोकरी जाऊ द्यायची नाही, एवढं एकच मी धरून बसले होते. बाकीचं सगळं करून बघता येण्यासारखं होतं.

त्यातलं पहिलं म्हणजे दूध. मुलगी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणार आणि मी ते वाटी-चमच्यानं पाजणार. आठवडाभर आधी ती बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि आम्ही सराव सुरू केला. आई समोर दिसली की बाळ चमच्याकडे ढुंकूनही बघत नसे, म्हणून मुलीला मी गच्चीवर पिटाळायची. ती तिथं मिरच्यांजवळ उभी राहून खाली कान लावायची.

बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी तंतोतंत करत होते. उकळून गार केलेल्या पाण्यात जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा बुडवायचा, फ्रीजमध्ये गार करायचा आणि जवळ बसून बाळाला चावू द्यायचा. हात धुऊन बोटानं हिरडी हलकी चोळायची. दुकानातलं मलम नको, मध नको, गोठवून दगड केलेलं काही नको. ताप आला तर दातांच्या नावावर खपवायचा नाही, दाखवायला आणायचं. गुरुवारपर्यंत घडी बसली. फडकं चावून झालं, हिरडी चोळून झाली, की नात माझ्या हातून चमच्यानं दूध घ्यायला लागली. मुलीनं इस्त्रीचे कपडे बाहेर काढले.

शुक्रवारी आमच्या ह्यांनी घोटाळा केला.

वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या कुटायला डंकावर न्यायच्या होत्या. निवृत्त झाल्यापासून देठ मोडायचं काम ह्यांच्याकडे असतं. सकाळभर गच्चीवर बसून त्यांनी संकेश्वरीचा ढीग मोडला, खाली आले, हात धुतले आणि नात कुरकुरतेय म्हणून प्रेमानं बोट तिच्या हिरडीवर फिरवलं.

ती किंकाळी शेजारच्या दोन घरांनी ऐकली. मुलीनं बाळाला ओढून जवळ घेतलं आणि पाजलं. तिखटावर दुधासारखं काही नाही, ते एक बरं झालं. मी ओल्या फडक्यानं ओठ आणि हात पुसले, डोळ्यांपर्यंत काही गेलं नाही ना बघितलं, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पीत असेल तर काळजी नको, लक्ष ठेवा. मग मी ह्यांच्याकडे वळले. ते स्वतःचं बोट नाकाशी धरून उभे होते.

"हात धुतलं की! साबणानं, दोनदा!"

"मिरची साबणानं जाते व्हय? आधी तेल चोळायचं, मग साबण. जन्मभर चटणी खाता न्हवं?"

"खातो. करतो कुठं?"

मी तेलाची बाटली मोरीवर साबणाशेजारी नेऊन ठेवली.

आग तासाभरात शमली, पण बाळ शहाणं झालं. त्या संध्याकाळपासून कुणाचंही बोट जवळ आलं की ओठ मिटून मान फिरवायला लागलं. फडकं नको, चमचा नको. चमचा धरणाऱ्या हातालाही बोटं असतातच. आईकडे तेवढी पोटभर प्यायची. शनिवारी सकाळी मुलीनं कपडे परत कपाटात ठेवले. मी ते बघितलं. मिरच्यांची पोती बांधून शेजारच्या गच्चीवर टाकली. जेवणात तिखट बंद. ह्यांनी दही-भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

दुपारी विहीणबाई आल्या. नातीला बघायला म्हणून, पण बातमी आधीच उचगावला पोचलेली. बसल्या बसल्या त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"ताई, मी सांगतो ते ऐका. टाकणखार हाय. मधात खलायचा आन् हिरडीवर चोळायचा. माझी तिघं ह्याच्यावरच वाढली."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टरच्या आईनं तरी दुसरं काय चोळलं असंल त्याला?"

"असेल. पण हिला नको."

विहीणबाईंनी पुडी माझ्यापुढं सरकवली आणि सुनेकडे बघितलं. "मग दात येस्तोवर नोकरी ऱ्हाऊ दे की. लोखंड कुठं पळून जातंय? पोर उपाशी ठेवून कसली नोकरी?"

त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांना नातीचंच पडलं होतं. पण मुलीचा चेहरा पडला. ती उठून स्वयंपाकघरात आली, माझ्या मागोमाग.

"आई, त्या म्हणतात ते बरोबर असेल तर? आजच फोन करून नाही म्हणून सांगतो. उगाच लोकांना लटकवून ठेवायला नको."

"सोमवार अजून आलेला नाही."

"आणि सोमवारी पण नाही प्यायली तर?"

"तू आज फोन केलास तर ते कधीच कळणार नाही. ताक घेऊन जा बाहेर."

मी पुडीतला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, साखरेत कालवून ओट्यामागं, बाळाचा हात जाणार नाही अशा फटीत, मुंग्यांना घातला. दोन दिवसांत मुंग्या गेल्या. वस्तू वाईट नव्हती, तिची जागा हिरडी नव्हती एवढंच.

बाहेर आले तर विहीणबाईंचं ताक पिऊन झालं होतं. रिकामं स्टीलचं फुलपात्र त्यांनी हातात धरलं होतं आणि मांडीवरची नात त्याची कड दोन्ही हातांनी ओढून चावत होती. ताक फ्रीजमधलं, त्यामुळे फुलपात्र अजून गार होतं. तोंड मिटलेलं नव्हतं, मान फिरवलेली नव्हती. लाळ सरळ फुलपात्रात.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "भांडं खाती ही. फौंड्रीवालीची हाय, दुसरं काय खाणार?"

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी फुलपात्र खालून, बुडाला धरलं होतं. बाळाच्या बाजूला एकही बोट नव्हतं. होती फक्त कड.

"विहीणबाई," मी म्हणाले, "ते तसंच धरा जरा."

"आता आणि काय झालं?"

"काही नाही. तुम्ही काम केलंत."

घरात जुनी, जाड स्टीलची, गोल दुमडलेल्या कडेची छोटी वाटी होती. ती उकळून घेतली, फ्रीजमध्ये ठेवली. संध्याकाळी मुलगी गच्चीवर गेली. मी वाटी बुडाला धरून रिकामीच पुढं केली. नातीनं बघितलं, ओढली आणि चावायला लागली. तेवढंच. त्या दिवशी दूध घातलंच नाही. आधी कडेवर विश्वास बसू दे.

रविवारी तळाला थोडं दूध घातलं. पहिल्यांदा सगळं तिच्या झबल्यावर. दुसऱ्यांदा माझ्या साडीवर. तिसऱ्यांदा कड चावता चावता वाटी मी जराशी तिरकी केली आणि एक घोट आत गेला. ती दचकली, जिभेनं बघितलं आणि परत कड पकडली. मग अजून एक. घाई केली की ठसका लागेल, म्हणून प्रत्येक घोटानंतर वाटी सरळ. माझा हात अवघडला. गच्चीच्या जिन्यातून आवाज आला, "घेतलं का?"

"वर थांब!"

दिवसभरात मिळून फार काही गेलं नाही पोटात. मुलीनं रात्री ते बघितलं. "एवढ्यानं दिवस निघायचा नाही, आई," ती म्हणाली. मी म्हणाले, उद्याचे कपडे बाहेर काढून ठेव.

पुण्याहून मुलाचा, म्हणजे बाळाच्या मामाचा, फोन आला. आमच्याकडे वरचा दात आधी आला तर मामाला वाईट म्हणतात. तो म्हणाला, "मी काही मानत न्हाई हां आई. पण खालचाच येतोय न्हवं?"

"आधी येऊ दे. मग तुझं बघू."

सोमवारी सकाळी मुलगी तयार झाली. बाळाला पाजलं, स्कूटर काढली, परत आत आली. "नाही घेतलं तर फोन कर. मी लगेच येतो परत."

"फोन करणार नाही. जेवणाच्या सुट्टीत तू कर."

तिनं माझ्याकडे बघितलं, हेल्मेट घातलं आणि गेली.

नात रडली. दाराकडे बघून रडली, मला बघून रडली. मी वाटी काढली नाही. भूक नसताना पुढं केलेली वाटी वाया जाते आणि वर नकोशी होते. कडेवर घेऊन घरभर फिरवलं, झोपवलं. उठली तेव्हा खरी भूक लागली होती. ह्यांना मी आतल्या खोलीत बसवलं. तेल-साबणानं हात धुऊनही ते स्वतःहून हात पाठीमागं बांधून बसले होते. वाटी फ्रीजमधून काढली, दूध घातलं, बुडाला धरली.

तिनं ओठ मिटले. मी थांबले. वाटी तिथंच ठेवली, पुढं ढकलली नाही, मागं घेतली नाही. तिनं गालाला लावून बघितली. गार होती. मग तोंड उघडलं आणि कड धरली. एक घोट. दुसरा. मी वाटी सरळ केली तर तिनंच ओढून परत तिरकी केली.

आणि वाटी वाजली. बारीक, पण स्वच्छ. टिण्ण.

मला वाटलं माझी बांगडी. बांगडी वर सरकवली. परत टिण्ण. तेवढ्यात फोन वाजला.

"आई? घेतलं का?" मागं यंत्रांचा आवाज, माणसांचा गलका.

"जरा शांत जागी जा आणि ऐक." मी फोन वाटीशी धरला. नात चावतच होती.

पलीकडचा गलका कमी झाला. मुलीनं ऐकलं. मग म्हणाली, "परत वाजव."

"मी नाही वाजवत. ती वाजवतेय."

"हे हिरडीचं नाही, आई. हिरडी बद्द वाजेल. हा दात आहे."

मी वाटी बाजूला करून खालचा ओठ जरा ओढून बघितला. हिरडीत तांदळाच्या कणीएवढी पांढरी रेघ होती.

"खालचा आहे," मी म्हणाले. "भावाला कळव, जगला म्हणावं."

ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा एवढी मोकळी. "वाटीतलं किती संपलं?"

"बरंचसं. बाकीचं झबल्यावर आहे. तू जेवलीस?"

"न्हाई अजून."

"मग आता माझ्याशी काय बोलत बसलीयस? सुट्टी संपेल."

"बरं. ठेवतो," ती म्हणाली, आणि तिनं खरंच ठेवला.

नातीनं वाटी सोडली नव्हती. मी उरलेलं दूध पाजलं, वाटी धुतली आणि पुढच्या वेळेसाठी फ्रीजमध्ये ठेवली. आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "आता मिरच्या परत आणू का?"

"बसा तिथंच," मी म्हणाले. "अजून बरेच दात यायचेत."