मिस्त्रींचा उजवा कान

बिस्किटांच्या कारखान्यात एखादं यंत्र कुरकुरायला लागलं की आधी मिस्त्रींना हाक जायची. मिस्त्री सावकाश यायचे, हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ उजव्या कानामागच्या हाडावर दाबायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, "तिसरा रोलर. फार दिवस टिकणार नाही." आणि तो टिकायचा नाहीच. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. हा मान ते ऐटीत मिरवायचे, आणि मिरवावा असाच तो होता.

त्यामुळे आपले कान खणखणीत आहेत याबद्दल मिस्त्रींना तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकीच्या जगाबद्दल. जग अलीकडे पुटपुटायला लागलं होतं. दुकानदार पुटपुटायचा, शेजारी पुटपुटायचा, टीव्हीवर बातम्या देणारी माणसं तर तोंडात घास ठेवून बोलल्यासारखी बोलायची. मिस्त्रींकडे पुरावाही होता. कारखान्यात पट्टे धडधडत असताना शेजारचा माणूस काय म्हणतो ते तरण्या पोरांना कळत नसे, यांना शब्दन् शब्द कळायचा. मग घरी, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत बायकोचं बोलणं कळत नसेल, तर चूक कुणाची? उघडच आहे, बायकोची!

बायकोने सुरुवातीला आवाज चढवून पाहिला. मिस्त्रींच्या नाकाला लगेच मिरच्या झोंबल्या. "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" असं दोन-चारदा झाल्यावर तिने कानाला खडा लावला. पुन्हा आवाज म्हणून चढवला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मिस्त्रींच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. लग्न झाल्यापासून संध्याकाळी बायको ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक करता करता दिवसभराचं सगळं सांगायची, आणि मिस्त्री मागे टेबलाशी चहा घेत ऐकायचे. कोण भेटलं, कोण काय म्हणालं, कुणाचं कुणाशी बिनसलं. त्यात कामाचं फारसं काही नसे, पण कारखान्यातून घरी यायची ओढ त्यांना त्यासाठीच असायची. आणि ती बोलायची बंद झाली. एकदम नाही, हळूहळू. आता ते येत, चहा समोर येई, ती पाठ फिरवून कामाला लागे, आणि घरात नुसती शांतता. मिस्त्री त्या पाठीकडे बघत बसायचे. आपण हिच्या मनातून उतरलो, असं त्यांनी धरून घेतलं होतं. विचारायचं मात्र धाडस होत नव्हतं. न जाणो, ती हो म्हणाली तर?

लेक माहेरपणाला आली आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात काय यायचं ते आलं. सरळ सांगून बाबा दवाखान्यात येणार नाहीत हे ती ओळखून होती. तिने घसा धरला. "बाबा, गिळताना दुखतंय हो. चला ना सोबत." बाप लेकीसाठी लगेच निघाला. आईही निघाली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला आ करायला लावलं, जीभ दाबून टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "घसा छान आहे. आता बाबा, तुम्ही बसा खुर्चीत." मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कानाचं चित्र अगदी मन लावून बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी कानात डोकावून पाहिलं. मळ नाही, पडदा शाबूत. मग त्यांनी नादकाटा काढला. दोन पायांचा पोलादी काटा, कोपरावर आपटला की घुमत राहतो. तो त्यांनी मिस्त्रींच्या उजव्या कानासमोर धरला. "येतोय आवाज?"

"नाही. वाजवला का तुम्ही?"

त्यांनी त्याच काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. मिस्त्री दचकलेच. आवाज कसा स्वच्छ, भरदार! पुन्हा कानासमोर: काही नाही. पुन्हा हाडावर: घुमतोय. मिस्त्रींचा हात आपोआप कानामागे गेला. स्क्रूड्रायव्हरची मूठ दाबून दाबून तिथली कातडी जरा राठ झाली होती. त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ते यंत्रं हाडाने ऐकत होते आणि त्यावर माणसांचा न्याय करत होते.

"पडद्यामागे तीन बारीक हाडं असतात," डॉक्टरीणबाई समजावून सांगू लागल्या. "हातोडी, ऐरण आणि रिकीब, घोड्याच्या खोगिराला पाय ठेवायला असते तशी. पडदा हलला की ती हलतात आणि आवाज आत पोचवतात. तुमच्या दोन्ही कानांत रिकीब जाम झालीय, उजव्यात जास्त. भोवतीचं हाड वाढून तिला धरून बसलंय. आतला कान चांगला आहे, म्हणून हाडातून गेलेला आवाज कळतो."

"पण कारखान्यात मला सगळं ऐकू येतं."

"तिथे गोंगाटामुळे बाकीचे ओरडून बोलतात. आणि तो गोंगाट तुम्हाला कमी पोचतो. घरी कोण ओरडतं?"

बायको खाली बघत पदराशी चाळा करत होती. ओरडून काय मिळालं होतं ते तिला चांगलं आठवत होतं.

उपाय दोन होते. एक, कानाला यंत्र लावायचं. दुसरा, आधी उजव्या कानाचं ऑपरेशन करून तांदळाच्या कणीएवढी ती रिकीब काढायची आणि तिच्या जागी इवलासा पिस्टन बसवायचा. पिस्टन म्हटल्यावर मिस्त्रींचे डोळे चमकले. जाम झालेला भाग बदलायचा सोडून वर भोंगा लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. "बहुतेकांना चांगला गुण येतो. पण क्वचित एखाद्याचा तो कान कायमचा जातो. हाडातून येणारं ऐकणंसुद्धा. नीट विचार करून सांगा."

उजवा कान म्हणजे उस्तादी. मिस्त्री विचार करायला बाहेर बाकावर येऊन बसले. समोरच्या बाकावर बायको लेकीला काहीतरी सांगत होती. हात हलवून, भुवया उडवून, पूर्वी त्यांना सांगायची तसंच. लेक खळखळून हसली. मिस्त्रींना त्यातलं अक्षर पोचलं नाही. त्यांना मनापासून हेवा वाटला, पोटच्या पोरीचा. ते उठले, दार ढकललं आणि म्हणाले, "बाई, पिस्टन बसवा."

ऑपरेशन पार पडलं. पुढे कानातला बोळा निघाला, तरी आत सगळं दडपल्यासारखंच वाटत होतं. "सूज उतरू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जोरात शिंकरू नका, जड उचलू नका, धीर धरा." लेक सासरी गेली. मिस्त्री रजेवर घरीच होते आणि धीर धरणं त्यांना कधी जमलं नव्हतं. बेसिनचा नळ सोडून ऐकायचे, घड्याळ कानाशी धरायचे, आणि काही नाही म्हणून हिरमुसले होऊन बसायचे. कान गेला बहुतेक, असं मनाशी म्हणायचे. बायकोला काही बोलायचे नाहीत.

एका संध्याकाळी ते चहा घेत बसले होते. बायको पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. कुठूनतरी बारीक आवाज येत होता. रेडिओ असावा म्हणून त्यांनी मान वळवली, तर रेडिओ बंद. आवाज ओट्याकडून येत होता.

"...तर ती वरच्या मजल्यावरची, अहो, काल नाही का तुम्हाला सांगितलं, नवऱ्याशी अबोला धरलेली, ती आज आपणहोऊन त्याला पोचवायला स्टेशनवर गेली. मी म्हटलं, बरं झालं बाई. परवा तुम्हाला म्हटलं होतं ना मी, की चार दिवससुद्धा टिकायचं नाही तिचं..."

संथ, साधा, घरातला आवाज. ती मागे वळून बघत नव्हती. उत्तराची वाट पाहत नव्हती. एक बटाटा झाला, दुसरा घेतला, बोलणं चालूच.

मिस्त्रींच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे काल सांगितलं होतं. परवाही सांगितलं होतं. ती गप्प झालीच नव्हती. रोज संध्याकाळी ती इथे उभी राहून त्यांना सगळं सांगत आली होती, आणि आपण मनातून उतरलो म्हणून ते कुढत बसले होते. त्यांचे डोळे भरून आले.

"कालचं माझं ऐकायचं राहिलंय," ते म्हणाले. "परवाचंही."

सुरी थांबली. बायको वळली.

"मग कुठपासून सांगू?" तिने विचारलं. आवाज जराही चढवला नव्हता.

"मला ऐकू यायचं बंद झालं तिथपासून."

"मेलं, रात्र पुरायची नाही," असं म्हणत तिने डोळे पुसले, गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसली.