लवूकाकांचे ड्राफ्ट

लवूकाकांना मी फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत तोंडातून निघायचं नाही.

लवू घाडी, वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म गिरणीत गेलेला. परळच्या चाळीत आमच्या गावच्या मंडळाची खोली आहे. एकेकाळी तिथे चाळीस-चाळीस गडी राहायचे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्याच वळकटीवर आडवा. त्या खोलीत राहिलेल्या प्रत्येकाचं नाव, गिरणी, कुठल्या खिळ्याला त्याची पिशवी, सगळं लिहायचं काकांनी मनावर घेतलं. मंडळाच्या पंच्याहत्तरीला पुस्तक काढायचं होतं. चार वर्षं हा माणूस माझगाव, रे रोड, दादर पालथं घालत होता. कोणी म्हातारा आजारी पडलाय कळलं, की फळं घेऊन हजर. "तो जायच्या आधी इचारूक होया," म्हणायचा.

आणि लिहायचे कुठे? मंडळाच्या ईमेलमध्ये! मीच शिकवलं होतं. माझा लालबागला कॉम्प्युटर क्लास, मंडळाची वेबसाइट मीच बघतो. म्हटलं, "काका, नवीन मेल उघडा, लिहा, पाठवू नका. ड्राफ्टमध्ये राहतं, कुठे जात नाही." एका बोटाने टकटक करत त्यांनी तीनशे बारा माणसं लिहिली.

मग मला शहाणपण सुचलं. वेबसाइट आणि मेल ज्या कंट्रोल पॅनलवरून, म्हणजे एका कंपनीकडच्या भाड्याच्या खात्यावरून चालायचे, तो जुनाट झाला होता. मी दुसऱ्या कंपनीचा चकचकीत पॅनल घेतला. मीटिंगमध्ये छाती काढून म्हणालो, "दहा मिनिटांचं काम!" अध्यक्ष आनंदाभाऊंनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. नारळ फोडायचा, जुनं बंद, नवीन चालू. नारळ फुटला, नवी साइट उघडली, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी सगळ्यांसमोर जुनं खातं कायमचं पुसून टाकलं. साइट नव्या पॅनलवर आणली होती. मेलबॉक्स आणायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी काका क्लासवर आले. "अवधूत, माझी माणसां दिसत नाय रे."

मी जुन्या कंपनीला फोन केला. उत्तर आलं, तुम्हीच पुसलंत, आता काही मिळणार नाही. फोन ठेवला. काका समोर चष्मा पुसत बसलेले. आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, तुमच्याकडूनच कायतरी डिलीट झालं असणार."

जीभ झडली का नाही माझी तेव्हा!

त्यांनी ते खरं मानलं. पुढच्या मीटिंगमध्ये उभे राहिले, हात जोडले. "माझ्याकडून चुकला. म्हाताऱ्यान मशीनीक हात लावूक नको होतो." कोणीतरी मागून हसलं. मी खाली मान घालून पेढा खात होतो. हो, खात होतो.

नंतर आठ महिने ते वहीत लिहीत बसले, आठवून आठवून. वही टाइप करायला माझ्याकडेच आणली. पहिल्याच पानावर होतं: "मूळ मजकूर माझ्या अडाणीपणामुळे गेला, गावकऱ्यांनी क्षमा करावी. संगणक शिकवणाऱ्या चि. अवधूतचे आभार."

ते 'चि.' टाइप करायला बोट उठेना. वही काखेत मारून तडक त्यांच्या खोलीवर गेलो. काका तांदूळ निवडत होते. दारातच सांगून टाकलं. पॅनल मी बदलला, पुसलं मी, खोटंही मीच बोललो. म्हटलं, शिव्या घाला, कानाखाली वाजवा, काय ते करा.

काकांनी ताटातले खडे बाजूला केले. मग वही मागितली. शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे एकोणीस ओळी होत्या. खिळा लिहिलेला, गिरणी लिहिलेली, नावाची जागा कोरी.

"सांगितलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "पण ज्यांका इचारून लिवलेला, ते म्हातारे आता गेले. ह्या एकोणीस जणांची नावां मी कोणाक इचारू, ता सांग."