टाकीच्या आतलं स्वस्तिक

टाकीच्या आत, तळाशी, हळदीकुंकवाचं ओलं स्वस्तिक होतं. बाहेर टेम्पो उभा होता. आणि जिच्यासाठी टाकी बनवली त्या लॅबच्या डॉक्टर मॅडम ऑफिसात चहा पीत होत्या.

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी बघायचे. टाकी स्टेनलेस स्टीलची. तिच्यात थंड करून द्रवरूप केलेला झेनॉन वायू भरून डार्क मॅटरचे, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचे कण शोधायचे होते. स्वच्छतेच्या सर्टिफिकेटवर सही माझी. ही टाकी पास झाली तरच पुढच्या मोठ्या टाकीची ऑर्डर आम्हाला मिळणार होती.

"मामा, हे काय?" मी आमच्या वेल्डरला, पगारेमामांना विचारलं.

"पूजा. बिगरपूजेचा माल कसा धाडायचा, ताई?"

"पण आत?"

"भायेरचं पॉलिश खराब झालं की साहेब लय वरडतात. आत कोण बघतंय?"

मालक, आव्हाडसाहेब, धावत आले. "फडक्यानं पुसा आणि सही करा."

"फडक्यानं सगळीकडे पसरेल. मी सही करणार नाही." मी सरळ मॅडमना बोलावलं.

त्यांनी आत डोकावलं. मग शांतपणे समजावलं. झेनॉनमध्ये कण आपटला की दोनदा चमकतं. पहिली चमक जागच्या जागी. त्या धक्क्याने सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने वर ओढले जातात, आणि द्रवाच्या वर साठलेल्या वायूत शिरले की दुसरी, मोठी चमक. साध्या किरणोत्साराची दुसरी चमक पहिलीच्या मानाने भरपूर असते. डार्क मॅटरची कमी असेल, अशी अपेक्षा. टाकीत घाण असली तर ती इलेक्ट्रॉन वाटेतच गिळते आणि दुसरी चमक मंदावते.

"म्हणजे साधा कणही डार्क मॅटर वाटणार?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग बरंच की! शोध लवकर लागेल."

"लागेल," मॅडम म्हणाल्या. "हळदीचा."

टेम्पो रिकामा परत गेला. टाकी पुन्हा धुतली, शुद्ध पाण्याने खंगाळली, तापवून आतली हवा पूर्ण काढली, लीक टेस्ट केली. मामा हाताची घडी घालून बघत होते.

"बिगरपूजेची गेली आन् गळाली, तर मला बोलायचं नाय."

तोड मॅडमनीच काढली. "मामा, खोक्याची पूजा करा ना."

"खोकं काय काम करतं?"

"कसारा घाट उतरतं."

हे मामांना पटलं. सीलबंद टाकी खोक्यात गेल्यावर त्यांनी वर एवढं मोठं स्वस्तिक काढलं की 'ही बाजू वर'चा बाणच दिसेना. तो मी पुन्हा रंगवला.

टाकी पास झाली. मोठीची ऑर्डरही आली. तिच्या प्रोसिजरमध्ये मी एक पायरी वाढवली: सील केल्यानंतर, खोक्यावर पूजा, जबाबदारी पगारे. कुठे करू नका एवढंच सांगितलं की माणसं स्वतः जागा शोधतात. त्यापेक्षा कुठे करा, तेही सांगून टाकावं.