भोंगा आणि तिची विहीण

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिनं यंत्रमागांच्या शेडमध्ये काढली होती. तिथं माग एकदा खडखडायला लागले की शेजारच्या बाईला ‘तुझ्या पदराला तेल लागलंय’ एवढं सांगायलाही मानेच्या शिरा ताणाव्या लागत. पुढे शेड बंद पडली, माग भंगारात गेले, आवाज मात्र तिच्याबरोबर घरी आला. ती कुजबुजली तरी खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून ‘काय झालं?’ म्हणून विचारत. गल्लीनं तिला भोंगा म्हणायला सुरुवात केली, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणण्याचं धाडस एका दूधवाल्यानं एकदाच केलं होतं.

तिची विहीण शिवणकाम करायची. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, त्यामुळे आवाज बारीक आणि टोचणारा. लग्न ठरलं त्या दिवशी ती हसत हसत म्हणाली होती, “आमच्या मुलीला बहिरी करू नका म्हणजे मिळवली.” सगळे हसले. भोंगा हसली नाही, आणि ते वाक्यही विसरली नाही. तेव्हापासून दोघी एका खोलीत आल्या की चहा निवायच्या आत जुंपायची.

सून पळायची. भोंग्याला यातलं काही कळत नव्हतं. कुणी मागे लागलेलं नसताना माणसानं उन्हातान्हात का पळावं? पण गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये सुनेनं उड्डाणपुलाच्या पायथ्याशी हाय खाल्ली आणि शर्यत सोडणाऱ्यांना गोळा करणाऱ्या बसमध्ये ती जाऊन बसली. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे रस्त्यावर तिचं असं कुणीच नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस सून घरात मुकी झाल्यासारखी वावरली. एरवी सासूला उलट उत्तर देणारं घरात ते एकच तोंड होतं. ते मिटलं तेव्हा भोंग्याला घर खायला उठलं.

या वर्षी सुनेनं दोघींना समोरासमोर बसवलं.

“मम्मी, आई, दोघींनी यायचं. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर उभं राहायचं आणि मला लिंबाचं पाणी द्यायचं. ‘आता थोडंच राहिलं’ असं अजिबात म्हणायचं नाही, माझं डोकं फिरतं. आणि भांडायचं नाही. तुमचा तमाशा मला रस्त्यावर नकोय. घ्या शपथ.”

“मी कधी भांडते?” विहीण म्हणाली.

“मग काय मी एकटीच भांडते?” भोंगा म्हणाली.

“आई!” सुनेनं सासूला दटावलं.

दोघींनी शपथ घेतली.

“या वेळी बसमध्ये बसले ना, तर हे बूट कुणाला तरी देऊन टाकीन,” सून म्हणाली. ती हे हसत म्हणाली नव्हती.

शर्यतीच्या सकाळी दोघी पंपाच्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. बाटली भोंग्याच्या हातात होती. विहिणीनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “विहीणबाई, इथं तरी आवाज जरा जपून हं. चांगली माणसं आहेत आजूबाजूला.”

भोंग्याच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण शपथ आठवली. तिनं ते गिळलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आज तोंडच उघडायचं नाही, बघू दे हिला!

थोड्या वेळानं घोळक्यातून सून आली. घाम डोळ्यांत उतरलेला, मान वळवून कडेची तोंडं धुंडाळत होती. भोंग्यानं तिला पाहिलं आणि वाट पाहिली. हिची मुलगी आहे, हिनंच हाक मारावी. विहीणही वाट पाहत होती, हा भोंगा आता वाजेलच म्हणून. सुनेची नजर दोघींच्या डोक्यांवरून गेली, आणि तीही गेली.

“अहो, हाक का नाही मारलीत?” विहीण किंचाळली.

“तुम्हीच म्हणालात ना, जपून!”

“एरवी माझं एक तरी ऐकता का? आजच बरं ऐकावंसं वाटलं!”

“आणि तुमच्या तोंडात काय टाचण्या होत्या?”

शपथ तिथंच संपली. पळणाऱ्यांना तळ्याला वळसा घालून यायचं होतं. मधल्या गल्लीनं गेलं तर उड्डाणपुलाचा पायथा जवळ होता. दोघी निघाल्या. वाटेभर एकमेकींचा उद्धार चालला होता. विहिणीची चप्पल तुटली त्याचा दोष भोंग्याच्या चालण्याला, बाटली सांडली त्याचा विहिणीच्या कोपराला.

पायथ्याशी गर्दी होती. बस दार उघडं टाकून उभी होती. पुलावरून माणसं लंगडत उतरत होती. सून दिसेना. विहीण कावरीबावरी झाली आणि दिसेल त्याला सांगायला लागली, “आता थोडंच राहिलं! थोडंच राहिलं हो!”

आता मात्र भोंग्याचा बांध फुटला.

“थोडं? कुठलं थोडं? ते म्हणायचं नाही म्हणून पोरीनं हात जोडले होते ना तुमच्यापुढे! स्वतःच्या पोरीचं एक वाक्य लक्षात राहत नाही, आणि मला शिकवता कसं बोलायचं ते?”

“ओरडू नका माझ्यावर!”

“ओरडणारच! मघाशी ओरडले असते तर पाणी मिळालं असतं तिला!”

मागांवरून पलीकडे जायचा तो आवाज रस्त्यापलीकडे गेला. तिकडच्या कडेला एक बाई कमरेवर हात ठेवून बसच्या दाराकडे चालली होती. ती थबकली, वळली. सूनच होती ती. रस्ता ओलांडून ती तरातरा दोघींसमोर आली.

“इथंसुद्धा? शपथ घेतली होती ना! केव्हाची शोधतेय मी तुम्हाला, वाटलं आलाच नाहीत!”

भोंग्यानं बाटली पुढे केली. तळाशी घोटभरच उरलं होतं. सून ते प्यायली आणि बाटली परत तिच्या हातात कोंबत म्हणाली, “घरी बघते दोघींना.” मग वळली आणि बसच्या दारावरून पुढे, पळत गेली. तिच्या पाठीवरूनही राग दिसत होता.

“पाय उचल!” भोंगा गरजली. “अजून लांब आहे! पाय उचल!”

शेजारच्या टोपीवाल्या माणसानं कानावर हात ठेवला. “आजी, जरा हळू. कान फाटले.”

“का म्हणून हळू?” विहीण त्याच्यावर उसळली. “तुमच्या कानांसाठी पळतेय का आमची मुलगी? ओरडू द्या त्यांना!”

भोंग्यानं विहिणीकडे पाहिलं.

“तुम्ही मध्ये पडू नका,” ती खेकसली. “माझं भांडण मला करता येतं.”

आणि ती टोपीवाल्याकडे वळली.